विजापूरचा मुक्काम : सायकल उभी, पायांना विश्रांती

हिवाळी सफरींचे बेत ठरू लागले की पुणे–हंपी मार्गाबद्दल पत्रं येऊ लागतात. या वेळी आलेल्या प्रश्नांमधले बरेचसे एकाच गोष्टीभोवतीचे आहेत : वाटेत विजापूरला एक दिवस थांबायचं, तर तो कसा घालवायचा? शहराचं अधिकृत नाव २०१४ पासून विजयपुरा आहे. महामार्गावरच्या पाट्यांवर आणि रेल्वे स्थानकावर तेच दिसेल, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

प्रश्न : आम्ही सहा जण डिसेंबरात पुण्याहून सोलापूर, विजापूर, बदामीमार्गे हंपीला निघतोय. सुट्टी मोजकी आहे, त्यामुळे पूर्ण विश्रांतीचा दिवस एकच मिळेल. तो सोलापूरला घ्यावा, विजापूरला की बदामीला? (पुणे)

विजापूरला. इंदापूर, सोलापूर आणि विजापूर असे तीन टप्पे झाले की साधारण साडेतीनशे किलोमीटर होतात. सोलापूरला थांबलात तर थकवा अजून साठलेला नसतो आणि दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. बदामीला थांबणं मनाला पटतं, पण तिथली लेणी बघायची म्हणजे पायऱ्या चढणं आलं. शिवाय बदामीहून पट्टदकल आणि ऐहोळे हा टप्पा सायकलवरच सुरेख होतो. बावीसेक किलोमीटरवर पट्टदकल, तिथून चौदाएक किलोमीटरवर ऐहोळे. तो हलक्या सायकलिंगचा दिवस म्हणून राखून ठेवा.

विजापूर सपाट आहे आणि मुख्य वास्तू पाचेक किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत. आणखी एक गोष्ट सहाजणांच्या गटाला फार महत्त्वाची : सोलापूर–गदग रेल्वेमार्ग विजापूरवरूनच जातो. कुणाचा गुडघा धरला असेल तर त्याला इथून गाडीनं सोलापूरला परत जाता येतं किंवा पुढे बदामीला जाऊन थांबता येतं. हा निर्णय विश्रांतीच्या दिवशी संध्याकाळी, शांतपणे घ्यावा. रस्त्यात मध्येच घ्यायची वेळ आली की माणूस भिडेखातर पेडल मारत राहतो आणि दुखणं वाढवतो.

शक्यतो हा दिवस शुक्रवारी येऊ देऊ नका. गोल घुमटासमोरचं वस्तुसंग्रहालय शुक्रवारी बंद असतं आणि जामा मशिदीत दुपारची मोठी नमाज असते.

प्रश्न : एका दिवसात काय काय बघावं आणि कोणत्या क्रमानं? सायकलनं फिरावं की रिक्षानं? (ठाणे)

पाहण्यासारखं इतकं आहे की दोन दिवसही कमी पडतील, म्हणून आधी काय सोडायचं ते ठरवा. तोरवीकडचं नवरसपूर आणि आसार महाल पुढच्या खेपेला ठेवा. चार जागा नीट बघा : गोल घुमट, जामा मशीद, मलिक-ए-मैदान तोफ आणि इब्राहिम रोजा. पहिल्या दोन शहराच्या पूर्व अंगाला, दुसऱ्या दोन पश्चिम अंगाला. त्यामुळे सकाळ पूर्वेला, संध्याकाळ पश्चिमेला आणि मधली दुपार लॉजवर, अशी विभागणी आपोआप होते.

गोल घुमट सकाळी सहाला उघडतो. डिसेंबरात सूर्य पावणेसात-सातच्या सुमारास उगवतो. तेव्हा साडेसहाला दारात असलात तर शाळांच्या सहली येण्याआधी तासभर शांतता मिळते. ही शांतता चैनीची गोष्ट नव्हे, तिच्याशिवाय या वास्तूचा मुख्य गुण अनुभवताच येत नाही. घुमटाच्या आत, जमिनीपासून तीसेक मीटर उंचीवर गोल सज्जा आहे. दोघांनी समोरासमोरच्या टोकांना उभं राहावं, एकानं भिंतीकडे तोंड करून अगदी हलक्या आवाजात बोलावं आणि दुसऱ्यानं भिंतीला कान लावावा. आवाज वक्र भिंतीच्या कडेकडेनं सरकत पलीकडे पोहोचतो. पन्नास माणसं एकदम ओरडू लागली की सगळे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात आणि कानांवर फक्त गोंगाट आदळतो. टाळी वाजवायची तर एकच, आणि ती पूर्ण विरेपर्यंत थांबा.

सज्जावर जाण्याआधी खाली मधोमध उभं राहून वर बघा. खोली चौकोनी आहे, आतून एक बाजू सुमारे ४१ मीटर. त्यावर गोल घुमट बसवला आहे, ज्याचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर. मध्ये एकही खांब नाही. चौकोनाचं वर्तुळ करण्याचं काम एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी करतात. त्या भिंतींपासून आत झुकत येतात आणि वरचा भार बाहेर ढकलला जाणार नाही अशा रीतीनं एकमेकींना पेलतात. मुहम्मद आदिलशहाची (कारकीर्द १६२७ ते १६५६) ही कबर. इतकं बघायला पाऊण तास सहज लागतो आणि तो द्यावाच.

नाश्ता करून नऊच्या सुमारास जामा मशीद. तालिकोटच्या लढाईनंतर पहिल्या अली आदिलशहानं तिचं काम सुरू केलं. आत जमिनीवर सव्वादोन हजारांच्या आसपास मुसल्ल्यांचे, म्हणजे एकेकाच्या नमाजाच्या जागेचे, चौकोन आखलेले आहेत. इथे नमाज चालते, म्हणून गुडघ्याखाली जाणारे साधे कपडे घाला. सायकलिंगच्या तंग शॉर्ट्सवर जाऊ नका. सामानात एक पातळ पायजमा ठेवला तर सगळी सफर कामाला येतो.

साडेदहाला लॉजवर परत या आणि साडेतीनपर्यंत तिथेच राहा. ही वेळ जेवण, झोप आणि सायकलची. लोक नेमकी हीच वेळ उन्हात अजून दोन वास्तू कोंबण्यात घालवतात आणि संध्याकाळी इब्राहिम रोजासमोर पोहोचेपर्यंत डोळे मिटायला लागतात. विजापुरातली सर्वांत नाजूक, सर्वांत देखणी वास्तू ताज्या नजरेनं बघितली जावी, म्हणून दुपार मोकळी ठेवायची.

पावणेचारला निघा. जाताना बारा कमानच्या अर्धवट राहिलेल्या कमानी बघा, दुसऱ्या अली आदिलशहाची ही कबर पुरी झालीच नाही. मग मलिक-ए-मैदान. त्याजवळचा उपळी बुरूज खालूनच बघा, कारण पुढच्या उत्तरात आहे. साडेचार-पाचला इब्राहिम रोजा. एकाच चौथऱ्यावर पूर्वेला कबर आणि पश्चिमेला मशीद, तोंडं एकमेकींकडे. उतरतं ऊन कबरीच्या पश्चिम दर्शनी भागावर पडतं आणि खिडक्यांच्या दगडात जाळीसारखी कोरलेली अक्षरं उठून दिसतात. सहाला दरवाजे बंद होतात, पहारेकऱ्यांना थांबायला लावू नका.

आता वाहनाचं. सकाळी सायकल, संध्याकाळी रिक्षा. सकाळी रस्ते मोकळे असतात. सामान उतरवून, सर्वांत हलक्या गिअरवर वीस-पंचवीस मिनिटं पेडल फिरवलं की पाय मोकळे होतात. संध्याकाळी मात्र गांधी चौकाच्या बाजूला गर्दी असते, दर दोन किलोमीटरवर सायकली लावून कुलपं घालायची, कुणीतरी राखणीला थांबायचं, यात तास जातो. रिक्षा अर्ध्या दिवसासाठी ठरवा. ठिकाणांची नावं, थांबायचा वेळ आणि परतीची जागा आधीच सांगून भाडं पक्कं करा.

प्रश्न : मागच्या सफरीत विश्रांतीच्या दिवशी एक किल्ला चढलो. दुसऱ्या दिवशी नाही, पण तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून आल्या की सायकलवरून उतरता येईना. रोज शंभर किलोमीटर चालवणाऱ्याला पायऱ्यांनी असं का व्हावं? (नाशिक)

कारण चढणं नव्हे, उतरणं. सायकल चालवताना मांडीचा स्नायू जोर लावताना आखडतो, जोराखाली सहसा ताणला जात नाही. पायऱ्या उतरताना उलटं घडतं : शरीराचं वजन रोखून धरत तोच स्नायू लांब होत जातो. या कामाची सवय कितीही किलोमीटर सायकल चालवून लागत नाही. त्यामुळे स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं लगेच न येता चोवीस ते बहात्तर तासांत चढत जातं. म्हणून तुम्हाला ते तिसऱ्या दिवशी जाणवलं.

गोल घुमटाच्या चारही कोपऱ्यांना सात मजली मनोरे आहेत आणि सज्जावर जाण्याचा जिना त्यांच्यातूनच आहे. पायऱ्या उंच आणि जिना अरुंद. तो एकदाच चढा. उतरताना एक हात भिंतीला ठेवा, अंग जरा तिरपं करा, प्रत्येक मजल्यावर खिडकीपाशी अर्धा मिनिट थांबा. घाईनं धपधप उतरण्यानंच सगळं बिघडतं. आणि एवढं केल्यावर उपळी बुरूज चढू नका. १५८४ च्या सुमारास बांधलेल्या, सुमारे ऐंशी फूट उंचीच्या त्या बुरुजाला बाहेरून गोल फिरत जाणाऱ्या पायऱ्या आहेत. वरची लांबलचक तोफ आणि शहराचं दृश्य सुंदर आहे, यात शंका नाही. पण एका दिवसात दोनदा एवढं उतरलात तर त्याची किंमत हंपीच्या अलीकडे मोजावी लागेल.

ज्याचा गुडघा आधीच दुखतोय त्यानं घुमटाचा जिना टाळावा आणि खालीच कमानी बघत बसावं. दुखणं दाबण्यासाठी स्वतःच्या मनानं वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. दिवसभर घाम गाळून शरीरात पाणी कमी असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात.

चपलांचं लक्षात ठेवा. क्लीट (पेडलमध्ये अडकणारी पट्टी) लावलेल्या बुटांनी घासून गुळगुळीत झालेल्या दगडावर पाय हमखास सरकतो आणि क्लीट झिजतात त्या वेगळ्याच. पट्ट्याच्या साध्या सँडल न्या. जिथे पादत्राणं काढावी लागतात तिथे दुपारी दगड तापलेला असतो, एक जोडी मोजे खिशात ठेवा.

प्रश्न : विश्रांतीच्या दिवशी सायकलचं नेमकं काय काम करावं? दुकानात देऊन सर्व्हिसिंग करून घेतलं तर चालेल का? (सातारा)

पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं गाड्या धुणाऱ्या सर्व्हिसिंग सेंटरला देऊ नका. त्या दाबानं पाणी हबच्या आणि पेडलमधल्या बेअरिंगपर्यंत जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि दोन दिवसांनी करकर सुरू होते. ओलं फडकं पुरतं.

सुरुवात टायरपासून. सोलापूर–विजापूर रस्त्याच्या कडेला वेड्या बाभळीचे काटे असतात आणि फुटलेल्या ट्रकच्या टायरांमधल्या केसाएवढ्या बारीक पोलादी तारा. तारेनं लगेच पंक्चर होत नाही. ती रबरात रुतून बसते आणि दर फेरीला थोडी आत सरकते. विश्रांतीच्या दिवशी न काढलेली तार बदामीच्या वाटेवरच्या कोल्हारच्या अलीकडे ट्यूबपर्यंत पोहोचते. चाक हळूहळू फिरवत उजेडात डोळ्यांनी तपासा, संशयाच्या जागी खडूनं खूण करा, चिमट्यानं काढा. पंक्चर झालेलंच असेल तर टायरच्या आतून बोट न फिरवता कापसाचा बोळा फिरवा. तार असेल तिथे कापूस अडकतो. ट्यूबलेस (ट्यूबऐवजी आत सीलंट हा पातळ द्रव असलेलं) टायर असेल तर काटा उपटताना भोक खाली येईल असं चाक फिरवून ठेवा, म्हणजे सीलंट तिथे जमून भोक बुजवतं. ३५ ते ४० मिलिमीटरच्या टायरला ६० ते ८० मिलिलिटर सीलंट आत असायला हवं.

हवा भरताना एक घोटाळा नेहमी होतो. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे मोटरसायकलच्या तोंडाचा पाइप असतो, तो बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही. जबरदस्ती केली की व्हॉल्व्हची बारीक दांडी वाकते आणि चांगली ट्यूब फुकट जाते. पितळेचं छोटं अडॅप्टर व्हॉल्व्हवरच लावून ठेवा. कॉम्प्रेसरनं भरताना एका दमात न भरता थोडी थोडी हवा सोडायला सांगा, कारण सायकलची ट्यूब इतकी लहान की काही सेकंदांत दाब मर्यादेबाहेर जातो. ३२ मिलिमीटरचं टायर, पंच्याहत्तर किलोचा माणूस आणि मागे दहा-बारा किलो सामान असेल तर मागे ६५ ते ७०, पुढे ५५ पीएसआयच्या आसपास ठेवा. टायरच्या कडेवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका.

चेन रॉकेलच्या फडक्यानं पुसून काढा. तेल प्रत्येक रोलरवर एकच थेंब, आतल्या बाजूनं. पेडल वीसेक वेळा उलटं फिरवा, पंधरा मिनिटं थांबा आणि मग बाहेरचं तेल कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसा. हे शेवटचं पाऊल बहुतेक जण गाळतात. बाहेर राहिलेल्या तेलावर धूळ बसते आणि तिची पॉलिशपेपरसारखी घासणारी लुगदी तयार होऊन चेन झिजते. मेणाचं वंगण वापरत असाल तर ते दुपारीच लावा, वाळायला काही तास लागतात. डिस्क ब्रेक असतील तर तेलाचा हात डिस्कला लागू देऊ नका.

मग कॅरिअरचे बोल्ट. ओझ्यानं आणि हादऱ्यांनी ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी सैल होतातच. एकूण एक तपासा. हँडलच्या स्टेमचे (हँडल फ्रेमला जोडणाऱ्या भागाचे) बोल्ट साधारण ५ न्यूटन-मीटरवर कसायचे असतात. टॉर्क पाना (कसण्याचा जोर मोजणारा) नसेल तर अॅलन की आखूड बाजूनं धरून बोटांच्या जोरावर कसा. ब्रेक पॅड एक मिलिमीटरच्या खाली गेले असतील तर बदला.

बसण्याच्या उंचीत बदल करायचा मोह या दिवशी होतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर आहे. एका वेळी ३ ते ५ मिलिमीटरच सरकवा आणि आधीच्या उंचीवर चिकटपट्टीची खूण ठेवा. सगळं झाल्यावर संध्याकाळी सामान लादून एक चक्कर मारा. सकाळी निघताना गिअर उडी मारतोय हे कळून उपयोग नसतो.

प्रश्न : आदिलशाही शहरात महाराष्ट्राशी जोडलेलं असं काय बघता येईल? मुलांना दाखवायचं आहे. (कोल्हापूर)

मलिक-ए-मैदानपासून सुरुवात करा. ही तोफ १५४९ मध्ये निजामशाहीच्या अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) ओतली गेली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेव यांनी ती विजापूरला आणली. वजन सुमारे ५५ टन, लांबी साडेचार मीटरच्या आसपास, तोंडाचा आकार जबडा वासलेल्या सिंहाचा आणि त्या जबड्यात हत्ती. ज्या रस्त्यांवर मुलं सामानानं लादलेली सायकल चढावर नेताना धापा टाकतात, त्याच पठारावरून हा धातूचा डोंगर ओढून आणला, हे तिथे उभं राहून सांगा, त्यांना चटकन भिडेल. औरंगजेबानं विजापूर जिंकल्यावर कोरवलेला लेखही तोफेवर आहे.

गोल घुमटाच्या वास्तुरचनेशी याकूत या दाभोळच्या माणसाचं नाव जोडलं जातं. आपल्या कोकणातलं दाभोळ हे आदिलशाहीचं मोठं बंदर होतं. शहाजीराजांनी याच दरबारात चाकरी केली आणि अफझलखान १६५९ मध्ये इथूनच निघाला. वेळ उरला तर गगन महालाची रुंद मधली कमान बघा. १५६१ च्या सुमारास बांधलेल्या या दरबाराच्या शहरात १६८६ मध्ये सिकंदर आदिलशहा औरंगजेबाला शरण गेला. पुढच्या वर्षी गोवळकोंडाही पडल्यावर मोगलांचा सगळा जोर मराठ्यांकडे वळला.

प्रश्न : सायकल चालवायची नाही त्या दिवशी कमी खावं का? आणि कपड्यांचं काय करता? (नागपूर)

कमी खाऊ नका. स्नायूंमधला साखरेचा साठा याच दिवशी भरून निघतो. दर दोन-तीन तासांनी थोडं खा आणि लघवीचा रंग फिकट होईपर्यंत पाणी पीत राहा. विजापूरच्या शाकाहारी खानावळींचं जेवण सायकलस्वाराला फार मानवतं : ज्वारीची भाकरी किंवा कडक भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही, भात. भाकरी आणि उसळी दुपारी पोटभर खा. रात्री भात, वरण, दही असं हलकं. रात्री उसळ-भाकरीवर ताव मारला की दुसऱ्या दिवशी सीटवर वाकून बसल्यावर पोट फुगलेलं जाणवतं. मिरची भजी कितीही खुणावली तरी निघण्याच्या आदल्या रात्री नकोत.

कपडे पोहोचल्या संध्याकाळीच धुवा, विश्रांतीच्या दिवशी नव्हे. शॉर्ट्समधलं पॅड वाळायला सर्वांत जास्त वेळ लागतो. सौम्य साबणानं धुऊन, कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग उलटी करून थेट उन्हात टाका. ओलसर पॅड घातल्यानंच मांडीच्या सांध्यात पुरळ आणि गळवं येतात. विश्रांतीचा दिवसभर सैल सुती कपडे घाला, त्या जागेला हवा लागू द्या.

प्रश्न : लॉजवाले सायकल खोलीत नेऊ देतात का? (रत्नागिरी)

आधी फोन करून विचारा आणि तळमजल्यावरची खोली मागा. चाकं पुसलेली असतील आणि खाली पसरायला जुनी चादर दाखवलीत तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. रात्री पार्किंगमध्येच लावावी लागली तर सगळ्या सायकली फ्रेममधून एकाच साखळीनं बांधा, आणि दिवे, मीटर, पंप काढून घ्या.

प्रश्न : विजापूर–बदामी सव्वाशे किलोमीटर आहे. विश्रांतीनंतरचा हा दिवस जड जाईल का? (सांगली)

पहिले दहा किलोमीटर जड वाटतील, हे गृहीत धरा. एक दिवस बसल्यावर पाय आखडलेले असतात. हलक्या गिअरवर सुरुवात केली की ते सुटतात. अंधारात मात्र निघू नका. हंगामात ऊस भरलेल्या ट्रॉल्या या रस्त्यावर असतात आणि अनेकींना मागे दिवा नसतो. उजाडताच निघा.

उशीरही करू नका, त्याला कारण वारा. डिसेंबर-जानेवारीत इथे वारा बहुधा पूर्वेकडून येतो आणि ऊन चढलं की जोर धरतो. तुम्ही दक्षिणेला जात असता, म्हणजे तो डावीकडून लागतो आणि सायकल उजवीकडे, ट्रकांच्या बाजूला ढकलतो. चाळीसेक किलोमीटरवर कोल्हारला कृष्णेचा लांबलचक पूल आहे. तिथे आलमट्टी धरणाच्या फुगवट्याचं पाणी दोन्हीकडे पसरलेलं आणि वाऱ्याला आडोसा नाही. तो पूल नऊच्या आत ओलांडा, दोघांनी शेजारी न चालवता एकामागे एक जा आणि हँडल दोन्ही हातांनी धरा. केरूरला डावीकडे वळलात की बदामी उरलीच थोडी.

कोल्हारचं दही प्रसिद्ध आहे, इतकं घट्ट की मडकं तिरकं केलं तरी ते हलत नाही. पुलाच्या अलीकडे थांबून एक वाटी खा, चिमूटभर मीठ घालून.